जुन्या ट्रकचं ऑईल नेमकं गळतंय कुठून?

चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी ऑईल साठवणारा पत्र्याचा डबा) बोल्टाला थेंब लटकलेला दिसला की पॅकिंग गेलं असं ठरवून चेंबर उतरवतात. नवं पॅकिंग बसतं, आठवड्याने थेंब पुन्हा हजर. टाटा ६९७ सारख्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनात टॅपेट कव्हरमधून, म्हणजे माथ्यावरच्या झाकणातून, निघालेलं ऑईल ब्लॉकवरून ओघळतं, फॅनचा वारा ते मागे ढकलतो आणि थेंब जमतो सगळ्यात खालच्या बोल्टावर. म्हणून शोध नेहमी वरून खाली, पुढून मागे.

आधी इंजिन धुवा. सेल्फ (स्टार्टर) आणि अल्टरनेटरला प्लास्टिक बांधा, डिझेल-ब्रशने काळा चिकटा काढा, साबणाचं पाणी मारून हवेने वाळवा. मग टॅपेट कव्हरची कड, फिल्टरची बैठक, ऑईल प्रेशरचा स्विच, एअर कंप्रेसरचा जोड, पुढचं टायमिंग कव्हर यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी १५-२० किलोमीटर फिरवून लगेच टॉर्च मारून बघा. पांढऱ्या पावडरीत सगळ्यात वरची ओली रेघ जिथून सुटली, तीच जागा. उशीर केला तर सगळंच ओलं दिसेल.

गळण्याची वेळही लक्षात घ्या. इंजिन चालू असतानाच जोरात गळत असेल तर प्रेशरचा भाग: स्विच, फिल्टर, ऑईलचे पाइप. उभ्या गाडीखाली सकाळी डाग दिसला तर चेंबर किंवा ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर. चेंबरचे बोल्ट मात्र आवळत सुटू नका. पत्र्याची कड वाकते आणि मग कुठलंच पॅकिंग धरत नाही.

एकाच वेळी दोन-तीन सील गळायला लागले तर सीलला दोष देऊ नका. आधी ब्रीदरचा पाइप (इंजिनातला धूर-वाफ बाहेर सोडणारी नळी) काढून बघा, बऱ्याचदा तो चिखल-काजळीने बुजलेला असतो. साफ असेल तर गरम इंजिन स्लोवर ठेवून ऑईल भरायचं झाकण तोंडावर नुसतं टेकवा. झाकण उडायला लागलं, धुराचे फुत्कार आले, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा-लायनर झिजलेत. अशा इंजिनात नवं सील टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. ऑईल मोजायच्या काडीवर पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. ते पातळ झालेलं ऑईल कुठूनही वाट काढतं. अशी गाडी चालवू नका, बेअरिंगं जातील.

क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडत असेल तर बोटावर घेऊन हुंगा. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील, काळं पातळ ऑईल असेल तर क्रँकचं मागचं. हे न बघता गिअरबॉक्स उतरवलात तर एक सील बदलाल आणि दुसऱ्यासाठी परत उतरवाल.

क्रँकचं पुढचं सील बदलताना पुलीच्या हबवरून नख फिरवा. नख अडलं तर जुन्या सीलने तिथे चर पाडलाय. हाउसिंगमध्ये जागा असेल तर नवं सील दोनेक मिलिमीटर सरकवून बसवा, नाहीतर हबवर स्लीव्ह चढवा.

खाली डाग नाही, तरी ऑईल कमी होतंय? ब्रेकच्या एअर टाकीचा ड्रेन उघडा. पाण्याऐवजी ऑईल आलं तर कंप्रेसरच्या रिंगा तपासा.