गरोदरपणात अंधूक दिसू लागलं तर काय करावं?

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर अनेकींना चष्मा लावूनही बसची पाटी पुसट दिसते, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. बहुतेकदा हे तात्पुरतं असतं. हार्मोन्समुळे अंगात पाणी धरून राहतं, तसं ते डोळ्यापुढच्या पारदर्शक कॉर्नियातही साठतं. कॉर्निया किंचित जाड होतो, त्याचा बाक बदलतो आणि नंबर थोडा सरकतो. पण 20 आठवड्यांनंतर वाढलेल्या रक्तदाबामुळेही अंधूक दिसू शकतं. म्हणून आधी रक्तदाब पाहायचा, चष्म्याचं नंतर.

1. रक्तदाब मोजा

पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. मोजताना बोलू नका. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 वा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वरचा 160 किंवा खालचा 110 वा त्याहून जास्त असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

डोळ्यांपुढे काजवे चमकणं, नजरेत काळा डाग दिसणं, एकाचे दोन दिसणं, अचानक दिसेनासं होणं, यांपैकी काहीही झालं तर घरच्या यंत्रावरचा आकडा चांगला आला म्हणून थांबू नका. सोबत डोकं ठणकत असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल किंवा चेहरा एकाएकी सुजला असेल, तर एक तासही दवडू नये. महाराष्ट्रात 108 ला फोन करा. ‘अर्धशिशी असेल’ असं घरच्या घरी ठरवणं इथे महागात पडतं. अर्धशिशीतही नागमोडी चमक दिसते, पण गरोदरपणात ती पहिल्यांदा दिसली तर निदान डॉक्टरांनीच करायचं. घरी यंत्र नसेल तर आशाताईंना सांगा. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणी असते, पण वरची लक्षणं असतील तर त्या तारखेची वाट पाहू नका.

2. एकेक डोळा तपासा

रक्तदाब ठीक असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरपासून ठरावीक अंतरावर, रोज सारख्याच उजेडात उभ्या राहा. एक डोळा तळव्याने झाका, पण दाबू नका. मग दुसरा झाका. दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्यातला बिघाड लपून जातो, म्हणून ही खटपट. पापण्या मिटून उघडल्यावर अक्षरं स्वच्छ झाली तर डोळे कोरडे पडलेत. पुसटपणा कायम राहिला तर नंबर बदललेला असण्याची शक्यता जास्त. एका डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मधला भाग गायब वाटला, तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी लवकर करून घ्या.

अंधार पडल्यावरच ठेचकाळायला होत असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. आहारात लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, अंडं घ्या, पण या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. रेटिनॉलचं, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या तयार रूपाचं, जास्त प्रमाण बाळाला अपायकारक असतं.

3. कोरडेपणा

स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. पंख्याचा झोत तोंडावर नको. डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब घ्या. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. गुलाबपाणी, मध, एरंडेल डोळ्यात घालू नये.

4. कॉन्टॅक्ट लेन्स

कॉर्नियाचा आकार बदलल्याने नेहमीची लेन्स टोचू लागते. वापराचे तास कमी करा. डोळा लाल झाला की लेन्स काढा आणि चष्म्यावर या. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका.

5. आधीपासूनचे आजार

मधुमेह आधीपासून असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. गरोदरपणात पडद्याचं नुकसान झपाट्याने वाढू शकतं, म्हणून पुढच्या तपासण्याही चुकवू नका. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर गरोदर असल्याचं नेत्रतज्ज्ञांना लगेच सांगा. थेंब बदलावे लागू शकतात, पण स्वतःहून बंद करू नका. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध रक्तात कमी जातं.

मोठा मायनस नंबर आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं, हा समज अजूनही ऐकू येतो. केवळ नंबरासाठी त्याची गरज नसते.

6. नवा चष्मा कधी?

बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवडे थांबा, नंबर बहुधा पूर्ववत होतो. अंगावर पाजत असाल तर थोडा जास्त वेळ लागू शकतो. काम अडत असेल तर साध्या स्वस्त काचा करून घ्या. लेझरने नंबर घालवायचा विचार असेल, तर पाजणं थांबून नंबर स्थिर होईपर्यंत तो पुढे ढकला. आणि बाळंतपणानंतरच्या या आठवड्यांत काजवे दिसले, डोकं ठणकलं तर पुन्हा पहिली पायरी: रक्तदाब. तो बाळंतपणानंतरही चढू शकतो.