चॅलेंजरचं चौथं चाक

१९७० सालच्या डॉज चॅलेंजर या अमेरिकन गाडीचं १:२५ (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचं) मॉडेल. बॉडीवर नारिंगी रंग झकास बसला, पण गाडी टेबलावर ठेवली तर पुढचं डावं चाक अधांतरी! दोष पुढे नव्हताच. मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा आडवा दांडा, लीफ स्प्रिंगांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) तिरका चिकटला होता. एका बाजूला गोंदाचा थेंब वाळून केसभर उंचवटा झालेला.

पातळ ब्लेडने जोड सोडवला, उंचवटा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. मग चारही चाकं लावून गाडी आरशावर उभी केली, नवा गोंद लावला आणि वर दोन नाण्यांचं वजन ठेवून रात्रभर सोडली. आईने आरसा दोनदा मागितला, ते वेगळंच.

खरी मजा रंगात. आधी अख्खी चासी (गाडीचा खालचा सांगाडा) चकचकीत काळी केली होती, अगदी जत्रेतल्या खेळण्यासारखी. आता खऱ्या गाडीसारखा दिसावा म्हणून फ्लोअरला मळकट प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) रंग आणि कडेने नारिंगीचा उडता फवारा दिला. ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, न रंगवलेल्या लोखंडाच्या रंगाचा. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नसतात, टॉर्शन बार असतात, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे. ते लांब दांडे काळे ठेवले आणि कडांवर ६बी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं.

एक चूक मात्र केलीच. नाशिकच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर, नदीतला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात, आणि मी गच्चीच्या दारात मॅट लॅकर (चकाकी मारणारा वरचा थर) मारत होतो. दमट हवेने लगेच पांढुरकी साय धरली. चार दिवसांनी कडक ऊन पडलं, तेव्हा लॅकरचाच पातळ ओला हात दिला आणि ती विरघळली.