पन्हाळा ते पावनखिंड: आषाढातली वाट कशी चालावी

१२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. ती वाट आज दोन दिवसांत चालता येते. पावनखिंडीपर्यंत साधारण पन्नास किलोमीटर अंतर आहे. हिवाळ्यात चालणं सोपं जातं, तरी झेपत असेल तर जुलैतच जा. अशा चिखलातून पालखी खांद्यावर घेऊन ती माणसं रातोरात कशी धावली असतील, हे पाय रुतल्याशिवाय कळत नाही.

तयारी महिनाभर आधी सुरू करा. रोज चढ-उतार चाला, सुट्टीच्या दिवशी सॅक घेऊन पंधरा-वीस किलोमीटर. कोरे बूट घालून निघू नका. पहिलीच खेप असेल तर वाट माहीत असलेल्या गटाबरोबरच जा.

निघण्याआधी पन्हाळ्यावर शिवा काशीद यांच्या समाधीपुढे थांबा. महाराजांचा वेश घेऊन ते दुसऱ्या पालखीत बसले, ते पकडले गेल्यावर काय होणार हे जाणूनच. मग राजदिंडीच्या वाटेने गड उतरून मसाई पठार गाठा. तिथे धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही आणि वाटा फुटतात, म्हणून प्रत्येक फाट्यावर मागच्यांसाठी थांबा. विजा चमकत असतील तर पठारावर चढूच नका.

पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत पहिला मुक्काम बहुतेक जण करपेवाडीला करतात. जेवणाची, झोपण्याची सोय आधीच ठरवून ठेवा. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट खडखडीत कोरडे करा, व्हॅसलिन चोळा आणि पिशवीत बांधून ठेवलेले सुके मोजे घाला. सकाळी मात्र पुन्हा कालचेच ओले मोजे चढवायचे. जिवावर येतं, पण सुके मोजे पहिल्याच ओढ्यात भिजतील आणि रात्री झोपताना घालायला काही उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी भातखाचरं लागतात. लावणी नुकतीच झालेली असते, तेव्हा बांधावरूनच चाला आणि बांध ढासळू देऊ नका. त्या चिखलात कुणाचं तरी वर्षभराचं पोट आहे. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन गुडघ्यावर आलं असेल तर ओसरेपर्यंत थांबा.

पांढरेपाणी गाव ओलांडलं की पावनखिंड. लोखंडी शिडी निसरडी असते, शिडीकडे तोंड करून एकेकाने उतरा. खाली उतरलात की फोटो काढण्याआधी दोन्ही बाजूंचे कडे नीट पाहा. बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी हीच जागा का धरली, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं: शत्रू कितीही मोठा असो, इतक्या अरुंद जागेत त्याला थोड्याथोडक्यांनीच पुढे यावं लागतं.

बरेच जण इथूनच परततात, ते मला पटत नाही. बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. पाय थकले असतील तर गाडीने जा, पण जा. गडावर काही वेळा प्रवेशावर निर्बंध असतात, त्याची चौकशी घरातून निघण्याआधीच करून ठेवा.