पावसाआधी शेतातल्या प्लॅस्टिकची एक फेरी

पेरणीच्या गडबडीआधी हाताशी जे थोडे दिवस असतात, त्यातला एक शेतातल्या प्लॅस्टिकसाठी ठेवा. उन्हाळ्याचा सगळ्यात जास्त मार त्यालाच बसलेला असतो. उन्हातली अतिनील किरणं पॉलिमरच्या लांब साखळ्या तोडत राहतात. म्हणून वरून धडधाकट दिसणारा कागद हात लावताच फाटतो.

सुरुवात मल्चिंग पेपरपासून, म्हणजे तण रोखायला गादीवाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदापासून करा. मागचं पीक निघाल्यावर पेपर तसाच पडून असेल तर तो आत्ताच काढा, आणखी एक पाऊस खाऊ देऊ नका. झाडं बुडाशी कापून घ्या, गादीवाफ्याच्या दोन्ही कडांची माती मोकळी करा, मग ओढा. कडांकडे खास लक्ष द्या. उघडा भाग ऊन खाऊन ठिसूळ झालेला असतो आणि मातीत दाबलेली कड अजून चिवट असते. त्यामुळे नुसतं ओढलं की मधला पेपर हातात येतो आणि कडेची पट्टी मातीतच राहते. त्यावर रोटाव्हेटर फिरवला की संपलंच, ते तुकडे पुन्हा वेचता येत नाहीत. पॉलिथिन मातीत कुजत नाही, त्याचे फक्त बारीक तुकडे होत जातात.

नवा पेपर घेताना मी दोनच गोष्टी बघायला सांगेन: काम किती दिवसांचं आहे, आणि काम संपल्यावर तो अख्खा बाहेर निघणार आहे का. तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्याला २५ ते ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पुरतो. फळबागेत वर्षानुवर्षं ठेवायचा तर १०० मायक्रॉनच्या आसपासचा घ्या. कामाच्या मानाने पातळ पेपर स्वस्त पडतो खरा, पण काढताना मजुरीत ती बचत निघून जाते. रुपेरी-काळा पेपर असेल तर रुपेरी बाजू वर ठेवा. माती कमी तापते आणि परावर्तित उजेडामुळे मावा, फुलकिडे सुरुवातीला थोडे लांब राहतात. काळी बाजू खाली, म्हणजे तणाला उजेड मिळत नाही.

‘विघटनशील’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. स्टार्च आणि पीबीएटीसारख्या (जीवाणूंना पचणारं एक प्लॅस्टिक) पॉलिमरचा पेपर मातीतले जीवाणू-बुरशी खरोखर खातात. ‘ईएन १७०३३’ हे युरोपीय मानक त्यासाठीच आहे: मातीतल्या चाचणीत दोन वर्षांत किमान ९० टक्के विघटन झालं पाहिजे. दुसरा प्रकार ऑक्सो-डिग्रेडेबल, म्हणजे साध्या प्लॅस्टिकमध्ये लवकर तुकडे पडावेत म्हणून मिसळलेलं रसायन. युरोपीय संघाने २०२१ पासून त्यावर बंदी घातली आहे. वेष्टनावर मातीतल्या विघटनाचं मानक लिहिलेलं नसेल तर तो साधा पेपर समजा आणि काढायची तयारी ठेवा.

बांधणीला मात्र सुतळीच बरी. वेल, रोपं, कलमं नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या दोरीने बांधली की खोड जाड होतं, दोरी तशीच राहते आणि सालीत रुतते. ताग म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. तो एका हंगामात कुजतो आणि इथे आपल्याला तेच हवंय. जास्त टिकाऊ आधार हवा असेल तर काथ्या घ्या. त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा, सावकाश कुजणारा घटक) भरपूर असल्याने तो ओलाव्यात तागापेक्षा बराच तग धरतो. मंडपाच्या मुख्य ताणाला सुतळी वापरू नका, तिथे तार किंवा कृत्रिम दोर हवा.

हायड्रोजेल, म्हणजे मुळांजवळ पाणी धरून ठेवणारे दाणे, घ्यायचा विचार असेल तर आधी घरीच बघा. दोन ग्लासांत सारखे, अगदी थोडे दाणे टाका, एकात पावसाचं किंवा शुद्ध पाणी, दुसऱ्यात तुमच्या विहिरीचं. शुद्ध पाण्यात ते वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात, क्षारांच्या पाण्यात खूपच कमी फुगतात. तुमच्या ग्लासात जे दिसेल, साधारण तेवढाच उपयोग शेतात. टाकायचे तर मुळांच्या खोलीवर, पृष्ठभागावर पसरू नका.

ठिबकच्या नळ्यांची शेवटची टोपणं काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. नळी काळी असते ती कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे काजळीसारख्या काळ्या पुडीमुळे. तो उन्हापासून तिला वाचवतो, म्हणून ती उघड्यावर टिकते. पांढरा किंवा करडा पीव्हीसी पाईप मात्र उन्हात ठिसूळ होतो, तो गाडा किंवा रंगवा. शेडनेट किंवा पॉलिहाऊसच्या कागदावर गंधकाचा फवारा वारंवार बसत असेल तर त्याचं आयुष्य घटतं. तापलेल्या लोखंडी पाईपला कागद टेकतो तिथेही तो आधी फाटतो, त्या जागी पांढरा रंग किंवा पट्टी लावा.

औषध कालवताना हातात नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर), आत अस्तर नसलेले मोजे घाला. सुती मोजे औषध शोषून तासन्‌तास कातडीला लावून ठेवतात, ते नसलेले परवडले. रिकामे डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओता, डब्याला भोक पाडा.

काढलेला पेपर माती झटकून वाळवा आणि गुंडाळून पुनर्वापरासाठी वेगळा ठेवा. चिखल लागलेला माल सहसा कुणी उचलत नाही. बांधावर जाळू नका. त्यात पीव्हीसीचे तुकडे मिसळले असतील तर धुरात हायड्रोजन क्लोराईड आणि डायॉक्सिन असतात, आणि तो धूर आधी जाळणाऱ्याच्याच नाकात जातो.