आधी ओळख, मग वागणं

मी इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात एका दुकानाचं वहीखातं सांभाळते आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुणांचा वर्ग घेते. मुलं बहुधा एकच यादी घेऊन येतात: खोटं सोडायचं, राग आवरायचा, रोज प्रार्थना करायची, मग आपण खरे ख्रिस्ती होऊ. ती यादी आधी बाजूला ठेवा.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत सलग वाचा. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात अजून एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. तरी आकाशातून वाणी होते की हा माझा परमप्रिय पुत्र आहे. आणि लगेच रानात सैतान सुरुवात कुठून करतो पाहा: तू देवाचा पुत्र असशील तर धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिरावरून उडी टाक. घाव ओळखीवरच आहे. येशू काहीही सिद्ध करून दाखवत नाही. तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन सांगतो आणि पित्याने म्हटलं त्यावर उभा राहतो. नोकरी लागली तरच मी कोणीतरी, लग्न ठरलं तरच माझी किंमत, असं मनात येईल तेव्हा हे दोन अध्याय पुन्हा उघडा.

मग इफिसकरांस पत्र घ्या. सहा अध्याय आहेत. पहिल्या तीनांत पत्र लिहिणारा पौल आपण कोण आहोत हे सांगतो, ‘असं वागा’ हा भाग चौथ्यापासून येतो. घाई करू नका. पहिले तीन अध्याय निदान आठवडाभर रोज वाचा, ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असं आलं की पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या अध्यायातली 8 ते 10 ही वचनं पाठच करा: तारण कृपेने, कर्मांनी नाही, सत्कर्मांसाठी मात्र आपली निर्मिती झाली आहे. सगळा क्रम त्या तीन वचनांत आहे.

इथे एक प्रश्न हमखास निघतो. राजवाड्याकडे, मल्हारगंजात लोक आडनाव ऐकून विचारतात, ‘तुम्ही मराठी ना, मग ख्रिस्ती कसे?’ गांगरू नका. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही अभंगच लिहिले, ख्रिस्ताचे. भाषा, आडनाव, घरची पुरणपोळी यांतलं काही टाकावं लागत नाही. मला तर वाटतं, जो आपली भाषा लपवतो त्याला आपला विश्वासही मोकळेपणाने सांगता येत नाही.

आता इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय, वचनं 25 ते 32. यातली एकच गोष्ट निवडा. पौल बहुतेक ठिकाणी काय टाकायचं, त्याच्या जागी काय धरायचं आणि का, हे तिन्ही सांगतो. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी एवढ्यावर तो थांबत नाही; कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायला जवळ काही असेल. आमच्या वर्गातला एक मुलगा साडीच्या दुकानात सेल्समन आहे. त्याने 25वं वचन घेतलं: लबाडी सोडून खरं बोला. ‘रंग जाणार नाही, गॅरंटी’ हे वाक्य त्याने टाकलं. त्याऐवजी काय म्हणायचं ते आम्ही वर्गात बसून ठरवलं: ‘ताई, पहिल्यांदा वेगळी धुवा, थोडा रंग निघेल.’ कारण वचनातच आहे, आपण एकमेकांचे अवयव आहोत. तुमचंही वाक्य असंच शब्दाशब्दाने लिहून ठेवा. ‘प्रामाणिक राहीन’ एवढ्याने ऐन गिऱ्हाइकीत काही सुचत नाही.

कुणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या. जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं. पण लूकाच्या 19व्या अध्यायात येशू त्याच्या घरी उतरतो तो त्याआधी, हे मुलांना मी दरवेळी दाखवते.

हे एकट्याने करू नका. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं स्पष्ट लिहिलं आहे. गोष्ट पोटात ठेवील असा एकच माणूस निवडा. मुलींनी मंडळीतल्या एखाद्या मावशीला, मुलांनी एखाद्या काकांना विचारावं. आठवड्यातून एकदा भेटा, चहा घ्या, खरं सांगा, सोबत प्रार्थना करा.

महिन्याभराने आईला किंवा घरात जो तुम्हाला रोज सोसतो त्याला विचारा, ‘माझ्यात काही फरक दिसतो का?’ नाही म्हणाले तर वाद घालू नका. तेच वचन आणखी महिनाभर ठेवा आणि पहिले तीन अध्याय पुन्हा वाचायला घ्या.