फुग्यावर रेडॉनचे वंशज धरा, अर्धायुष्य मोजा

अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ विघटन पावून निम्मा उरायला लागणारा वेळ, प्रत्यक्ष मोजायला परवान्याचा किरणोत्सारी स्रोत लागत नाही. माती आणि बांधकामातल्या युरेनियमपासून निघणारा रेडॉन वायू आपल्या खोलीत असतोच. त्याच्या विघटनातून पोलोनियम-218, शिसे-214, बिस्मथ-214 हे त्याचे ‘वंशज’ तयार होतात, धुळीला चिकटतात आणि घासलेला फुगा त्यांना ओढून घेतो.

नागपुरात हे डिसेंबर ते मार्चमध्ये, कूलर लागायच्या आधी करा. कूलर बाहेरची हवा आत ढकलून रेडॉन विरळ करतो आणि ओलाव्याने फुग्यावरचा विद्युतभारही उतरवतो.

बीटा किरण (विघटनात निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन) ओळखणारा गायगर काउंटर (नळीत शिरणारे किरण मोजणारं यंत्र), रबरी फुगा, लोकरी मफलर, दोरा आणि चिमटा घ्या. तळमजल्याची खोली रात्रभर बंद ठेवा, पंखाही बंद. सकाळी आधी कोरा फुगा नळीजवळ ठेवून 10 मिनिटं मोजा. ही झाली पार्श्वभूमी, म्हणजे एरवीही येत राहणारी मोजणी. छोट्या नळीवर मिनिटाला साधारण 20-30 ठोके (नळीने टिपलेले किरण) येतात. एकाच मिनिटावर विसंबू नका: 25 ठोक्यांत 5 ची अनिश्चितता, म्हणजे वीस टक्के, 250 ठोक्यांत 16 ची, म्हणजे सहा-साडेसहा टक्के.

फुगा 30 सेंटिमीटरपर्यंत फुगवा, तोंडाला गाठ न मारता चिमटा लावा आणि सगळीकडून मिनिटभर मफलरने घासा. हाताजवळ नेल्यावर लव उभी राहिली पाहिजे. खोलीच्या मधोमध दोऱ्याने टांगून दार लावून घ्या. 45 मिनिटांनी फक्त तोंडाशी धरून हवा हळूहळू सोडा. फोडू नका, तुकडे उडतात. आक्रसलेल्या रबरावर सगळा ऐवज थोड्या जागेत गोळा होतो, म्हणूनच तर फुगा! तो लगेच नळीला टेकवा.

दोन तास, दर 10 मिनिटांनी 5 मिनिटं मोजा. वेळ लिहिताना मोजणीचा मध्य धरा. पार्श्वभूमी वजा करून लॉग कागदावर (उभा अक्ष पटीत वाढणारा आलेख कागद) बिंदू मांडा. आकडा निम्म्यावर यायला साधारण 30 ते 50 मिनिटं लागतात.

इथे मुलं हमखास गोंधळतात, कारण शिसे-214 चं अर्धायुष्य 27 मिनिटं आणि बिस्मथ-214 चं 20. वरची टाकी गळून खालची भरत राहावी तसं शिसं विघटन पावून बिस्मथ पुरवत राहतं, त्यामुळे एकूण उतार दोघांपेक्षाही संथ दिसतो. चूक तुमची नाही. साखळीच तशी आहे.

आकडा वाढलाच नाही तर बहुतेक वेळा फुग्याला हात लागलेला असतो किंवा खिडकीला फट असते. मोजणीपर्यंत फुगा नुसता पडून राहिला, तरी हेच होतं. चार-पाच तासांनी तो पार्श्वभूमीवर येतो. साध्या कचऱ्यात टाका, हात धुवा. धुळीतला हा पदार्थ रोज श्वासातून जातोच, पण म्हणून युरेनियमचा दगड किंवा जुने स्रोत विकत आणू नका.

पावसाळ्यात फुगा चालत नाही. तेव्हा सर सुरू होताच गाडीचं बॉनेट टिश्यूने पुसा, ओलाच कागद पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळा आणि नळीखाली ठेवा. पावसाने हवेतले हेच वंशज खाली आणलेले असतात.