खाडीकाठच्या जागेवर शिकारी पक्ष्यांची पाहणी : जाण्यापूर्वीची तयारी

झाडे तोडण्यापूर्वी जागेवर शिकारी पक्ष्यांची घरटी आहेत का, हे पाहून जमीनमालकाला अहवाल द्यायचा असतो, त्या पाहणीची ही तयारी. दुर्बीण, वही, पाणी आणि टोपी कोणीही आठवणीने घेतो. गटाचा नकाशा आणि तोडावयाच्या झाडांची क्रमांकवार यादी मात्र छापून घ्यावी, कारण खाडीच्या कुशीत मोबाइलवर नकाशा उघडेलच याचा भरवसा नसतो.

सर्वांत आधी ठरवायचा तो महिना. समुद्री गरुडाची जोडी पाऊस सरल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरपासून, जुन्याच घरट्यावर नव्या काटक्या रचू लागते आणि पिल्ले उडून जाईपर्यंत उन्हाळा उजाडतो. गेल्या खेपेस मी हीच पाहणी जुलैत केली, कारण मालकाला अहवाल गणपतीपूर्वी हवा होता. एका जुन्या रायवळ आंब्याच्या शेंड्याजवळ काटक्यांचा मोठा ढीग मला स्पष्ट दिसला होता. वहीत मी 'जुने, रिकामे' असे लिहिले आणि अहवालातील घरट्यांच्या रकान्यात 'नाहीत' असे भरून मोकळा झालो. डिसेंबरात करवतवाले आले तेव्हा त्याच ढिगावर मादी अंडी उबवत होती, आणि आंबा तोडावयाच्या यादीत होता. रिकामे घरटे हे घरटेच असते. पावसाळ्यात ते रिकामेच असणार, आणि त्यावरून ते सोडून दिलेले आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे चाकरमानी मुंबईस गेला म्हणून त्याचे घर बेवारस ठरवण्यासारखे आहे.

म्हणून प्रत्येक उंच झाडाखाली जावे. आंबा, वड, सुरू, काहीही असो, आणि अलीकडे मोबाइलचे मनोरेसुद्धा वगळू नयेत. हंगामात घरट्याखाली माशांचे काटे, समुद्रसापांचे मणके आणि पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे सापडतात. पावसात यांतले बहुतेक वाहून जाते, त्यामुळे जुलैत झाडाखाली काही नसणे हा कसलाच पुरावा नव्हे. जाणे पावसाळ्यातच भाग असेल तर काटक्यांचा प्रत्येक ढीग 'वापरातील असू शकते' म्हणून नोंदवावा आणि डिसेंबरची दुसरी फेरी करारातच लिहून घ्यावी. मालक कुरकुर करील, करू द्यावी.

दुसरे, हद्दीच्या दगडावर थांबू नये. गरुडाला सातबारा ठाऊक नसतो. मी आता निदान अर्धा किलोमीटर बाहेरची झाडे पाहतो, विशेषतः देवराई, कारण तिथली जुनी झाडे कुणी तोडलेली नसतात. पाडेली (झाडावर चढून नारळ-आंबे उतरवणारे), पाग टाकणारे कोळी आणि देवळाचा गुरव यांना आवर्जून विचारावे, परंतु 'गरुड दिसतो का' असे विचारून उपयोग नाही, कारण पुष्कळांच्या लेखी वरून फिरणारी ती सगळी घारच. पोट पांढरे, पंख राखाडी, घिरट्या घालताना पंख वर उचललेले आणि शेपटी पाचरीसारखी, असा मोठा पक्षी कोणत्या झाडावर काटक्या नेतो, हे विचारावे. रिकाम्या घरट्याचा इतिहासही हीच माणसे सांगतात. मला तो आंबा दाखवायला एक पाडेली तयार होता आणि मी घाईत नको म्हणालो.

जागेत सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, असेल तर हिवाळ्यातील एक संध्याकाळ तिथे काढावी, कारण भोवत्या जातीचे पाहुणे शिकारी पक्षी गवतात जमिनीवरच रात्र काढतात आणि दुपारी त्यांचा मागमूस लागत नाही. चिरेखाणीच्या कडांवर शृंगी घुबड असू शकते. बंद घरांचे माळे मालकाच्या परवानगीने पाहावेत. खाली उंदरांच्या हाडाकेसांचे गोळे पडलेले असतील तर वर गव्हाणी घुबड आहे. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे काम असेल तर गिधाडांचा विचार वेगळा करावा लागतो, त्याविषयी इथे लिहीत नाही.

कायद्याचे थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे येते, त्यामुळे 'आम्ही पक्ष्याला हात लावला नाही' हा बचाव होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राणी-पक्ष्यांच्या याद्या, बदलल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या अहवालातून उतरवलेली यादी वापरू नये. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत पक्ष्यांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक वर्गात आहेत, हेही मालकाला आधीच सांगावे.

अहवालाबद्दल आता फार लिहीत नाही. छायाचित्रे, अक्षांश-रेखांश, वेळ, हवामान. घरट्याचा फोटो दुरूनच घ्यावा आणि ठिकाण गावभर करू नये. रिकाम्या घरट्यांसाठी स्वतंत्र रकाना आखावा, 'नाहीत' हा शब्द त्यात लिहू नये, आणि तोडावयाच्या झाडांचे क्रमांक त्या रकान्याशी एकेक करून ताडून झाल्यावरच सही करावी.